पिवळ्या कुरडया

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला मागच्या बाजूला तीन खिडक्या आहेत. त्यातली मधली तेवढी उघडते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या की मी त्या खिडकीपाशी उभी असते, कारण तिथून सगळी टेबलं दिसतात आणि जरा वाराही लागतो. परीक्षा सरत येतात तेव्हा पलीकडच्या गच्चीवर पहिलं वाळवण पडतं. आधी साबुदाण्याच्या पापड्या, मग बटाट्याचा कीस, आणि ऊन चांगलं तापलं की जुन्या साडीवर ओळीनं कुरडया. पांढऱ्याशुभ्र. इकडं मुलं मान खाली घालून थेंब मोजत असतात, फ्लास्कमधलं पाणी गुलाबी व्हायची वाट बघत असतात. मी तिकडं बघत असते. दर वर्षी मला त्या पांढऱ्या कुरडयांचा राग येतो.

राग म्हणणं खरं नव्हे. तो हेवा आहे. आणि तो कुरडयांचा नाही, माझ्या चुलत बहिणीचा, सुनंदाचा आहे. माझ्याकडं पदवी आहे, पक्की नोकरी आहे, धाराशिवात घर आहे. सुनंदा दहावीनंतर शिकली नाही. ती भूम तालुक्यातल्या तिच्या सासरच्या गावी खव्याची भट्टी चालवते. हेवा करायचा तर तिनं माझा करावा, असं कुणीही म्हणेल. पण वाळवणाचे दिवस आले की माझा हेवा असा हिशेबानं चालत नाही.

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या आईला सही येत नव्हती, वडील चौथीपर्यंत शिकलेले. गावातल्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा सापडत नसे. तरीही विज्ञानाच्या सरांनी आम्हाला शिकवलं, पुस्तकं घरी नेऊ दिली, घरी येऊन वडीलधाऱ्यांशी बोलले. धाराशिवच्या आत्यानं पाच वर्षं मला आपल्या घरी ठेवून घेतलं. या दोघांचे उपकार मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते, आणि अगदी मनापासून सांगते. एवढंच की त्या गोष्टीतला एक दिवस मी गाळते.

सुनंदा माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी. दोन भावांचं एकच घर, एकच चूल. तिच्या आईला मी मोठी आई म्हणायची. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. दहावीच्या वर्षी दिवाळीला आत्या आली तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, "माझ्या दोन खोल्या. एकीला ठेवून घीन मी पुढच्या शिक्षणाला, दोघी न्हाय जमायच्या. कोण ते वाळवणाला येईन तवा बघू." गावातून बाहेर जायची तेवढी एकच वाट होती. ती दोघींना माहीत होती आणि त्यावर आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. एकाच ताटात जेवत होतो, तरी.

त्या वर्षीचा माघ-फाल्गुन आठवला की पहिल्यांदा वास येतो तो पापडखाराचा. खार उकळत्या पाण्यात पडला की फसकन आवाज होतो आणि नाकाला झोंबणारी वाफ येते. मोठी आई उडदाचं पीठ मळत होती. सुनंदानं नुकतीच भाजीला हळद टाकलेली, बोटं पिवळी. तिनं तशाच हातानं निवत आलेल्या खाराच्या पाण्याचं पातेलं उचललं, पाणी हिंदकळलं आणि बोटं लाल झाली. मोठी आई ओरडली, "भाजलं का गं?"

"भाजलं न्हाय. रंग बदललाय," सुनंदा म्हणाली आणि हात उजेडात धरून बघत बसली. मग तिनं बोटांवर लिंबू चोळलं. बोटं पुन्हा पिवळी झाली. पुन्हा खार लावला, पुन्हा लाल. असं तिनं चार वेळा केलं. तोवर भाजी करपली.

हळद ही नैसर्गिक दर्शक आहे, आम्लारी मिळालं की लाल होते, हे आमच्या पुस्तकात होतं. मला ते वाक्य पाठ होतं, पान डावीकडचं की उजवीकडचं तेही सांगता आलं असतं. पण ते वाक्य आणि आपल्या चुलीवरची हळद यांचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नव्हतं. सुनंदाला ते वाक्य धड आठवत नव्हतं. तिनं ती गोष्ट पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला काहीतरी टोचलं. माझं पाठांतर तिच्या बोटांपुढं फिकं पडलं होतं.

मग तिला नाद लागला. वहीचे कागद हळदीच्या पाण्यात बुडवून तिनं दोरीवर वाळवले, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि घरात दिसेल त्यात बुडवू लागली. ताक, चिंचेचा कोळ, राखेचं पाणी, पानाचा चुना, कपड्याचा साबण, म्हशीचं दूध. लाल झालेल्या पट्ट्या ती भाताच्या शितानं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवायची. मी बाजूला बसून सगळं वहीत लिहून घ्यायची, कारण माझं अक्षर चांगलं होतं. कामाची वाटणी अशी होती. तिचे हात, माझं अक्षर.

एकदा तिनं विचारलं, "वैशे, कुंकू हळदीचंच करत्यात ना? मग लाल कशानं हाय?" आम्ही तुळजापूरहून आणलेल्या कुंकवाच्या दोन पुड्या देवळीत होत्या. एक स्वस्तातली, एक देवीच्या पायापाशी लावून आणलेली. तिनं दोन्हीतलं चिमूट चिमूट बशीत घेतलं आणि वर लिंबू पिळलं. स्वस्तातलं लाल ते लालच राहिलं. दुसरं बघता बघता पिवळं पडलं. म्हणजे हेच हळदीला चुना देऊन केलेलं. सुनंदा आनंदानं ती बशी घेऊन आईकडं गेली, आणि मोठ्या आईनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की बशी अंगणात गेली.

"सवाष्णीच्या कुंकवाची हळद करतीस? कुणाचं वाईट चिंतायलीस गं?"

"बघत व्हते नुसतं."

"तुझं बघणं एक दिस घर बुडवंल."

मी हसले. सुनंदानंही पाठ चोळत हसून घेतलं. पण आत मी खूश होते. तिला बोलणी बसली की मला बरं वाटायचं, हे आज लिहिताना लपवून उपयोग नाही.

तिच्याकडं असलं किती होतं. वरणात चिंच आधी टाकली की डाळ शिजत नाही, हे आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांना माहीत होतं. सुनंदा मात्र बोअरच्या जड पाण्यात आणि विहिरीच्या पाण्यात वेगवेगळी डाळ लावून बसायची आणि कुठली कधी मऊ झाली ते बोटानं दाबून सांगायची. तिला उत्तराची घाई नसायची. मला असायची. प्रश्न पडला की माझ्या डोळ्यांपुढं गुण दिसायचे. तिला काय दिसायचं कोण जाणे.

परीक्षेआधी सरांनी प्रयोगवह्या मागितल्या. माझ्या वहीत शेवटची अकरा पानं स्वयंपाकघराची होती. सुनंदा त्या दिवशी तापानं घरी होती. सरांनी उभ्यानंच ती पानं वाचली, परत उलटून वाचली आणि सगळ्या वर्गापुढं विचारलं, "वैशाली, हे सगळं तू घरी केलंस?"

मी मान खाली घातली. मुलीनं मान खाली घातली की आपल्याकडं त्याला विनय समजतात. सर म्हणाले, "शाब्बास. हिला पुढं शिकवलंच पाहिजे." त्याच आठवड्यात ते घरी येऊन माझ्या वडिलांना तेच सांगून गेले. सुनंदा तेव्हा चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं कप ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेली. मी मनात ठरवलं होतं की परीक्षा झाली की सरांना खरं सांगायचं. परीक्षा झाली.

शेवटच्या पेपरनंतर आठवडाभरानं आमच्या कुरडयांची पाळी होती. गल्लीत वाळवणाला सावड असायची. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या बायका मिळून सगळ्यांचं करायच्या. आत्या आदल्या दिवशीच आली होती. पण शेजारी पाहुणे आले, आमची पाळी एक दिवस लांबली आणि ऊन असं की भिजवलेल्या गव्हाचं पाणी फसफसायला लागलं. गहू वाटून, पिळून चीक काढला तर त्याला आंबूस वास. आत्यानं नाक मुरडलं, "गेलं काय गं हे?"

"कुठं जातंय," सुनंदा म्हणाली. "चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, ताजं घालायचं. तीनदा केलं की आंबटपण पाण्यासंगं जातंय."

आत्या तिच्याकडं बघतच राहिली. "लई डोकं हाय पोरीला. माझ्या सासूला ठावं व्हतं एवढं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वैशे, तू तेवढा सोऱ्या घासून ठिव."

मी सोऱ्या घासला. जाळीच्या भोकांत अडकलेलं गेल्या वर्षीचं पीठ काडीनं काढलं. प्रत्येक भोकाबरोबर मला धाराशिव लांब जाताना दिसत होतं. सरांनी शाब्बास म्हटलेली मी, आणि आत्याच्या डोळ्यात भरलेली ती.

सकाळी चूल पेटली. बायका यायला लागल्या. आईनं मला चिकावरचं शेवटचं पाणी ओतून पातेलं आत आणायला सांगितलं. मी पाणी ओतलं आणि बोटानं चीक चाखला. जरासा आंबट होता, असायचाच तेवढा. पण माझ्या डोक्यात एक वाक्य घोळत होतं, शंभर वेळा लिहिलेलं. आम्ल अधिक आम्लारी, क्षार आणि पाणी. सुनंदाला तीन वेळा पाणी बदलावं लागलं, मी एका चिमटीत करून दाखवते, असं मला वाटलं. खाराचा डबा फळीवर होता. चिमूट घेतली, ती थोडी वाटली, मग अर्धी मूठ टाकली. चीक ढवळला आणि पातेलं उचलून नेलं. कुरडया गोड निघाल्या की आत्याला सांगायचं, हे मी केलं.

चीक शिजायला लागला की आधी दुधाळ असतो, मग घट्ट होताना काचेसारखा होतो. आमचा पिवळा होत गेला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, धूर होता. मग एकजण म्हणाली, "हळदीचा हात लागला का कुणाचा?" आई लाटणं फिरवत राहिली आणि तो पिठल्यासारखा पिवळा झाला.

सुनंदानं पळीभर काढून फुंकला, जिभेवर ठेवला. "हळद न्हाय ही," ती म्हणाली. "साबणावाणी लागतंय. खार पडलाय ह्यात."

मोठ्या आईनं विचारलं, "तुला कसं कळलं?"

सुनंदानं पळी खाली ठेवली.

"म्हंजी तूच टाकलास."

"म्या न्हाय टाकला."

"मग कुणी टाकला? खाराची भानगड ह्या घरात तुझ्याबिगर कुणाला कळती? भितीला बघा की कागुद, कुणी चिकटवलेत."

बायकांनी भिंतीकडं बघितलं. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी सोऱ्याला तेल लावत होते.

एवढा चीक टाकून देणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी मिळून कुरडया घातल्या. दुपारपर्यंत माळवदावर पाच साड्या पिवळ्या कुरडयांनी भरल्या. रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण वर बघायचा. एक म्हातारा थांबून म्हणाला, "औंदा झेंडू वाळू घातलाय व्हय?" बायका हसल्या, मोठी आई हसली नाही. उन्हं कलताना कडेची एक बारकी, वाळत आलेली कुरडई तळून बघितली तर ती फुलायच्या आधीच तांबूस पडली. दिवसभर सुनंदानं भांडी घासली. दिवे लागायच्या वेळी आत्या वडिलांना म्हणाली, "वैशीला नेते मी. पोर शांत हाय, सरबी चांगलं म्हणत्यात. त्या सुनीला कशात हात घातल्याबिगर करमत न्हाय. माझ्या घरात तेवढी जागा न्हाय."

जूनमध्ये निकाल लागला. विज्ञानात सुनंदाला माझ्याहून चार गुण जास्त होते. तोवर माझी पेटी धाराशिवला पोचली होती.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांनी एकदा सहज सांगितलं की गव्हात काही रंगद्रव्यं असतात, एरवी ती दिसत नाहीत, आम्लारी मिळालं की पिवळी होतात. आणि आम्लारी असलं की तळताना पदार्थ लवकर तांबूस होतो. वर्गानं लिहून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, "लिहीत का नाहीस?" मी म्हटलं, "मला माहीत आहे हे." मला माहीत होतं, आणि त्याची किंमत सुनंदानं मोजली होती.

त्यानंतर एवढी वर्षं मी तिच्याकडं दर उन्हाळ्यात जाते. ती मला कुरडया बांधून देते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. यावर मी माझ्यापुरती एक समजूत करून घेतली होती. सुनंदाचं मन मोठं. तिला कळलं होतं, तरी तिनं मला वाचवलं, स्वतः मागं राहिली. आणि मला त्याचाही हेवा वाटायचा. हात तिचे चांगले, डोकं तिचं चांगलं, आता मनही तिचंच मोठं. माझ्या वाट्याला काय, तर प्रमाणपत्र.

यंदा माझ्या मुलीनं, मुक्तानं, दहावीची परीक्षा दिली. पेपर संपताच ती मावशीकडं गेली, आठ दिवसांसाठी. फोनवर सांगायची, "आई, मावशी दुधाचा थेंब नखावर घेऊन सांगते पाणी आहे का. तू शिकवतेस ते पाठ होतं गं, पण मावशी सांगते ते कळतं." मी म्हटलं, "असं होय." फोन ठेवला आणि उगीच ओटा पुसत बसले.

तिला आणायला गेले तेव्हा दोघी भट्टीपाशी होत्या. मोठी कढई, खाली लाकडं, सुनंदा उलथन्यानं दूध सारखं हलवत होती. थांबलं की तळाला लागतं. कडेला जमलेली साय ती खरवडून मध्ये ओढायची. घाम पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून मुक्ता पदरानं तिचं कपाळ टिपत होती. मी लाकडाच्या ढिगावर बसले.

"दूध आंबायला लागलं की काहीजण सोडा मारत्यात," सुनंदा तिला सांगत होती. "मग फाटत न्हाय. पण खवा तांबडा पडतो, अन् चव साबणाची. आपण घेत न्हाय तसलं."

मुक्तानं विचारलं, "आणि कुरडईच्या चिकात पडला तर?"

सुनंदाचं उलथनं थांबलं नाही. "पिवळी पडती. तुझ्या आईला इचार. तिनं करून बघितलीय."

मुक्ता माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. मी शिक्षकाच्या आवाजात सुरू केलं, गव्हातली रंगद्रव्यं, आम्लारी. दोन वाक्यं झाली आणि माझाच आवाज मला ऐकवेना. मग मी सगळं सांगितलं. अर्धी मूठ, भिंतीवरचे कागद, वहीतली अकरा पानं, सरांपुढं घातलेली मान. बोलणी कुणी खाल्ली आणि पेटी कुणाची भरली.

मुक्ता मावशीकडं वळली. मग तिनं विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं ना आईनं टाकलाय ते?"

"व्हय. दुसरं कोण टाकणार?"

"मग बोलली का नाहीस?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे, बहीण होती. मी ते ऐकायला तयार होऊन बसले होते. इतकी वर्षं ते वाक्य मीच तिच्या तोंडी घालून ठेवलं होतं.

सुनंदानं कढईची कड खरवडली. "मला वाटलं, ही बोलंल," ती म्हणाली. "म्या वाट बघत व्हते. भांडी घासत व्हते पर हिच्याकडंच कान व्हता. आत्या हिच्या वडलांपाशी बोलाया बसली, तवर वाट बघितली."

"आणि मग?" मुक्तानं विचारलं.

"मग काय. मग बोलून काय व्हणार व्हतं. कागुद भितीवर माझेच व्हते."

दूध घट्ट होत आलं होतं. सुनंदानं दुसरं उलथनं मुक्ताच्या हातात दिलं, आणि ते कसं धरायचं, तळाला कुठं जोर द्यायचा ते दाखवायला तिच्या मागं उभी राहिली. मुक्तानं माझ्याकडं बघितलं नाही. दोघींचे चार हात त्या कढईवर एका लयीत फिरत होते. मी लाकडांवर बसून बघत राहिले. मला हेवा वाटत होता, नेहमीसारखाच. फक्त आता त्याला टेकायला सुनंदाचा मोठेपणा उरला नव्हता.